शीट पाइलच्या जोडातलं फुगणारं सीलंट: घ्यावं, पण जोडापुरतंच

उघड्या पाण्यात कॉफरडॅम, म्हणजे आतलं पाणी उपसून कोरड्यात काम करण्यासाठी शीट पाइलचा (एकमेकांत गुंतणाऱ्या पोलादी पत्र्यांचा) तात्पुरता बांध, बांधायचा असेल तर पाण्यात फुगणारं सीलंट जरूर घ्यावं. पाइल सरकत खाली उतरावा म्हणून इंटरलॉकमध्ये (दोन पाइलच्या कडांच्या खोबणी एकमेकींत अडकतात त्या जोडात) थोडी ढिलाई ठेवावीच लागते आणि पाणी शिरतं ते तिथूनच. जमिनीत बारीक माती ती फट हळूहळू बुजवते, नुसत्या पाण्यात तसं होत नाही. पाचपैकी चार गुण. एक कापला, कारण पाइल उपसल्यावर खोबणीला चिकटलेला जुना थर खरवडणं हे कंटाळवाणं काम आहे.

माल वाया जातो तो लावताना. खोबण तारेच्या ब्रशने घासून, तेल-गंज काढून कोरडी करावी. पाइल अगदी लेव्हलमध्ये आडवा ठेवून खोबणीची टोकं बंद करावीत, नाहीतर सीलंट एका बाजूला साचतं. ते मागून येणाऱ्या पाइलच्या, आधीच्या पाइलमध्ये गुंतणाऱ्या खोबणीत ओतायचं. पुढची मोकळी खोबण जमीन कापत जाते, तिच्यात ते टिकत नाही. त्या मोकळ्या खोबणीचं खालचं टोकही बुजवावं. आत वाळू भरली तर पुढचा पाइल उतरताना सीलंट सोलून निघतं. पावसात भिजलेला थर ठोकण्याआधीच फुगतो, म्हणून ताडपत्री हवीच. आणि पाइल एका दमात उतरवावा. अर्ध्यावर थांबलात तर फुगलेला थर पुन्हा सरकताना फाटतो.

तरीही एखादा जोड गळलाच तर बाहेरून राख आणि लाकडाचा भुसा सोडावा. पंप चालू ठेवूनच. आत जाणारा ओघच तो भुसा फटीत ओढून नेतो.

मात्र 4 मीटर पाण्याचा भिंतीच्या दर मीटरवर सुमारे 78 किलोन्यूटन, म्हणजे 8 टन रेटा येतो. तो वेलर (भिंतीला आतून लावलेली आडवी तुळई) आणि स्ट्रटनेच (समोरासमोरच्या भिंतींमधला आडवा टेकू) पेलायचा, सीलंटने नाही. पाइलच्या टोकाखालून वळसा घेऊन वर येणारं पाणीही सीलंट अडवत नाही. तळातला झरा स्वच्छ असेल तर पंप पुरतो. गढूळ झाला की वाळू वाहू लागली असं समजावं, पंप ताबडतोब बंद करून पाणी आत भरू द्यावं. मग लांब पाइल, नाहीतर ट्रेमीने (पाण्याखाली काँक्रीट सोडायच्या नळीने) तळावर ओतलेला काँक्रीटचा थर. बाहेरचं पाणी थराच्या माथ्यापासून 4 मीटर वर असेल आणि नुसत्या वजनावर तोलायचं असेल, तर तो जवळपास पावणेतीन मीटर जाड लागतो. पाइलला काँक्रीट चिकटण्याचा आधार हिशेबात धरला तर कमी चालतो, पण तो धरायचा तर पाइलचा पृष्ठभाग काँक्रीट ओतण्याआधी पाणबुड्याकडून घासून घ्यावा लागतो.