बाखचं कोणतं पॅशन आधी ऐकावं?

पॅशन म्हणजे येशूच्या छळाची आणि मृत्यूची कथा सांगणारी, गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लाइपझिगला रुजू झाला आणि पुढच्याच वर्षी गुड फ्रायडेला तिथल्या निकोलाय चर्चमध्ये त्याचं 'सेंट जॉन पॅशन' गायलं गेलं. 'सेंट मॅथ्यू पॅशन' आलं ते बहुधा १७२७ मध्ये. दोन्हींत कथा येशूच्या अखेरच्या तासांचीच, पण बाज अगदी निराळा.

जॉन साधारण दोन तासांत आटोपतं. सुरुवातीलाच ओबो या सुषिर वाद्याचे सूर एकमेकांना घासत, बोचत राहतात आणि खाली व्हायोलिनची खळबळ क्षणभरही थांबत नाही. पुढे समूहगायन म्हणजे चवताळलेला जमावच! नाट्य हवं असेल, तर हेच.

मॅथ्यूला पावणेतीन तास तरी लागतात. इथे दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद आहेत. पहिला वृंद 'पाहा' म्हणतो, दुसरा 'कोणाला?' विचारतो आणि या सगळ्यावरून मुलांच्या आवाजात एक संथ स्तोत्र तरंगत जातं. येशू बोलतो तेव्हा तंतुवाद्यं त्याच्याभोवती प्रभावळ धरतात. क्रुसावरच्या शेवटच्या आर्त हाकेला मात्र ती गप्प होतात. येशू की बरब्बा नावाचा कैदी, कोणाला सोडू, असं रोमन सुभेदार पिलात विचारतो तेव्हा अख्खा जमाव 'बरब्बा!' एवढंच ओरडतो. एकदम वाजणाऱ्या अनेक स्वरांचा एकच कर्कश आघात, पण दचकायला होतं.

संगीतकार मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनला मॅथ्यू पुन्हा सादर केलं, तेव्हापासून मान त्यालाच जास्त. माझं मत विचाराल तर नवख्याने जॉनपासून सुरुवात करावी. मॅथ्यूसाठी सुट्टीची दुपार राखून ठेवा आणि जर्मन येत नसेल तर शब्दांचा अनुवाद हाताशी असू द्या.