सात आसनी गाडीमागे दोनचाकी ट्रेलर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

यंदा फेब्रुवारीत, बेदाणा शेडवरून उतरू लागला त्या सुमारास, मी आमच्या सात आसनी डिझेल गाडीमागे जोडण्यासाठी दोनचाकी ट्रेलर घेतला. तासगाव तालुक्यातल्या मळ्यातून शीतगृहापर्यंत पेट्या नेण्यासाठी दर खेपेला भाड्याचा टेंपो शोधावा लागे आणि ऐन हंगामात तो हमखास मिळत नसे. ती अडचण मिटली, हे आधीच सांगतो. मात्र हा ट्रेलर सुरक्षितपणे ओढायला शिकण्यात माझे पहिले दोन-तीन महिने गेले, आणि लिहायचे आहे ते त्याबद्दलच.

रिकामा ट्रेलर २२० किलोंचा आहे. १५ किलोंच्या ३२ पेट्या भरल्या की ४८० किलो माल होतो, म्हणजे एकूण ७०० किलो. एवढे ओझे गाडी सहज ओढते, त्यामुळे सारे ठीक आहे असे मी धरून चाललो होतो. मार्चमध्ये पेठ नाक्याच्या पुढे महामार्गावर ताशी ७० च्या वेगात ट्रेलर एकाएकी डावी-उजवीकडे झुलू लागला आणि पाहता पाहता गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर खेचला जाऊ लागला. मी ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरून ठेवले, आणि वेग ५० च्या खाली आल्यावर झोके थांबले. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला तर मागचे वजन गाडीला ढकलते आणि गाडी व ट्रेलर जोडाशी कात्रीसारखे मिटू शकतात.

घरी आल्यावर वडिलांना हा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मागं काय ठेवलं होतंस?" दुरुस्तीला न्यायची विहिरीवरची मोटर, उतरवायला सोपी जावी म्हणून, मी अगदी मागच्या फाळक्याला टेकवून ठेवली होती. "मग गाडी उलाळच होणार," ते म्हणाले. बैलगाडीत मागे भार वाढला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलते, हे त्यांनी उभा जन्म पाहिले होते. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या हुकावर पडायला हवा. माझ्या ७०० किलोंना तो ७० ते १०५ किलो होतो, आणि हुकावर जी कमाल मर्यादा कोरलेली असते तिच्या आतच तो बसवावा लागतो. आता मी माल भरल्यावर ट्रेलरचे तोंड हुकाच्या उंचीइतक्या लाकडी ठोकळ्यावर टेकवतो, ठोकळ्याखाली गोदामातला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवतो आणि आकडा ८० ते ९० च्या दरम्यान येईपर्यंत पेट्या पुढे-मागे सरकवतो. यात दहा मिनिटे जातात. त्यानंतर तो झोका मला पुन्हा कधी जाणवला नाही.

हुकाबाबतही चूक झाली होती. सुरुवातीला एका वेल्डरकडून बंपरच्या पट्टीला हुक जोडून घेतला होता, त्याच्या वेल्डिंगला महिन्याभरात केसाएवढी चीर दिसली. आताचा हुक चासीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेला आहे. कपलरची, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाशी हुकाला पकडणाऱ्या जोडाची, खिट्टी लावल्यावर मी जॅकने ट्रेलरचे तोंड थोडे उचलून पाहतो. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर आला, तरच ती नीट बसली असे समजतो. दोन्ही साखळ्या तोंडाखालून एकमेकींना छेद देतील अशा लावतो, म्हणजे कपलर सुटलाच तर तोंड रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत अडकते.

मे महिन्यात पाचगणीहून एका नातेवाइकांचा जुना जनरेटर आणला. पसरणी घाट उतरताना ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक किती मोलाचे आहेत, ते कळले. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे दाबतो आणि त्या दाबानेच त्याच्या चाकांचे ब्रेक लागतात, अशी यंत्रणा या ट्रेलरला आहे. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला एकूण ७५० किलोंच्या पुढे जाऊ देत नाहीत. आपल्या घाटांत मी तर त्याहून बराच कमी भारही ब्रेकशिवाय नेणार नाही. तरीही उतार सुरू होण्याआधी दुसरा गिअर टाकणे आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखणे, यांत मी सूट घेत नाही.

देखभाल फारशी नाही. नव्या ट्रेलरचे नट पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. दर खेपेला पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर थांबून मी दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे बेअरिंग असलेल्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन तो तापला आहे का ते पाहतो. जूनमध्ये डावा हब उजव्यापेक्षा स्पष्टपणे तापलेला लागला. उघडल्यावर बेअरिंगमधले ग्रीस काळे पडून सुकलेले निघाले. रिव्हर्सची मात्र सवयच करावी लागते. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरला की हात ज्या बाजूला नेऊ त्या बाजूला ट्रेलर वळतो, हे कळल्यावर माझे काम सोपे झाले.

ट्रेलरची नोंदणी आणि विमा गाडीपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे घेण्यापूर्वीच आरटीओत चौकशी करावी आणि गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे का, तेही वाचावे. माणसांना मात्र ट्रेलरमध्ये कधीही बसवू नये, मळ्यापासून रस्त्यापर्यंतसुद्धा नाही.

आता गळीत हंगाम तोंडावर आहे. रात्री मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अचानक समोर आल्या की काळजाचा ठोका कसा चुकतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये माझ्याही ट्रेलरचा दिव्यांचा प्लग खड्ड्यात निसटला होता आणि ते मला घरी पोहोचल्यावरच कळले. तेव्हापासून निघण्यापूर्वी मुलाला मागे उभे करून ब्रेकचा दिवा आणि दोन्ही इंडिकेटर लागतात की नाही हे विचारून घेतो, आणि मागच्या फाळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रिफ्लेक्टरची पट्टीही चिकटवली आहे.