सांस्कृतिक धोरणाची कार्यशाळा: दोन दिवस सार्थकी लागले

सरकारी अधिकारी आणि कलाकार-संस्थावाले यांना एकाच टेबलाला बसवून धोरण कसं बनवायचं हे शिकवणारी दोन दिवसांची कार्यशाळा केली, मनापासून आवडली. सुरुवात युनेस्कोच्या २००५ च्या करारापासून (सांस्कृतिक अभिव्यक्तींची विविधता जपण्याबद्दलचा), त्यातलं ११ वं कलम नागरी समाजाची, म्हणजे सरकारबाहेरच्या संस्था-कलाकारांची, भूमिका मान्य करतं आणि ९ व्या कलमाप्रमाणे सदस्य देशांना दर ४ वर्षांनी अहवाल द्यावा लागतो, हे मला नीट माहीतच नव्हतं. खरी रंगत दुसऱ्या दिवशी आली, आमच्या टेबलावर एक अधिकारी बाई आणि एक नाटकवाला, अनुदानाच्या फॉर्मवरून दोघांची चांगलीच जुंपली, मग बाईंनी फाईल कुठून कुठे जाते ते चार्ट पेपरवर काढून दाखवलं, तो जरा वेळ बघत बसला आणि म्हणाला, अहो मॅडम, मग आमची सूचना बजेट ठरायच्या आधीच यायला हवी ना! मसुदा तयार झाल्यावर नुसत्या सह्या घेणं म्हणजे सल्लामसलत नाही, हे तिथे पटलं. तक्रार एकच, माहिती कशी गोळा करायची यावर जेमतेम अर्धा तास दिला, छोट्या संस्थांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. आणि नंतर फॉलोअप पण नाही. तरी जमलं तर जाच, शक्यतो ज्या अधिकाऱ्याशी काम पडतं त्यालाही सोबत न्या.