सोनेक्सवर 54×46 लाकडी प्रोपेलर: उन्हाळा आणि हिवाळा, दोन्ही काढल्यानंतर

विमान सोनेक्स, दोन सीटचं. इंजिन एरोव्ही, म्हणजे फोक्सवॅगनच्या जातीचं 2180 सीसी, 3400 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 80 अश्वशक्ती, मधे गिअर नाही. प्रोपेलर सेन्सेनिच या कंपनीचा, लाकडी, 54 इंच व्यासाचा आणि 46 इंच पिचचा. पिच म्हणजे एका फेऱ्यात पाती हिशेबाने जेवढी पुढे सरकतील ते अंतर. याआधी याच हबवर (इंजिनाच्या टोकाचा, प्रोपेलर जिथे बोल्टने बसतो तो भाग) 54×48 होता, त्यामुळे दोन इंच पिचने नेमका काय फरक पडतो ते एकाच विमानावर पाहता आलं. विमान अमेरिकेच्या मिडवेस्टात उडतं. तिथे जुलै घामट असतो आणि जानेवारी कोरडा ठणठणीत.

आधी व्यासाचं बोलू, कारण त्यात निवडीला फारसा वाव नाही. 54 इंचाच्या पात्याचं टोक 3400 आरपीएमला सेकंदाला सुमारे 800 फूट वेगाने फिरतं. त्यात विमानाचा पुढचा वेग धरला तर 825 च्या आसपास. समुद्रसपाटीला 15 अंशांत ध्वनीचा वेग सेकंदाला 1116 फूट, म्हणजे टोक त्याच्या पाऊण पटीत राहतं. तेच 60 इंच घेतलं तर आकडा 900 च्या वर जातो. कडाक्याच्या थंडीत ध्वनीचा वेगच कमी होतो, त्यामुळे टोकाला आवाज वाढतो आणि ताकद वाया जाते. मोठा व्यास नेहमीच चांगला, हे ऐकीव सूत्र थेट फिरणाऱ्या, जास्त आरपीएमच्या इंजिनाला लावू नका. धातूच्या प्रोपेलरचा विचारही या इंजिनावर करू नये. त्याचं वजन आणि वळताना येणारा जायरोस्कोपिक ताण सगळा क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर पडतो, आणि ते टोक मुळात मोटारीसाठी बनलेलं आहे. लाकूड हलकं असतं, थरथर पिऊन टाकतं आणि जमिनीला लागलंच तर स्वतः तुटून बहुतेक वेळा क्रँकशाफ्टला वाचवतं. तरीही अशा धडकेनंतर क्रँकशाफ्ट तपासल्याशिवाय उडायचं नाही.

आता पिच. हिशेब सोपा आहे: पिच गुणिले आरपीएम, भागिले 1056, की ताशी मैलांत सैद्धांतिक वेग मिळतो. (मैलात 63,360 इंच, तासात 60 मिनिटं, त्यातून हा 1056.) 48 पिचवर सपाट उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला 3180 आरपीएम मिळत होते, 46 वर 3320 मिळतात. दोन्ही गुणाकार करून पाहा: 144.5 आणि 144.6. कमाल वेगात फरक शोधूनही सापडत नाही. ‘जास्त पिच म्हणजे जास्त वेग’ हे इंजिनात पाती ओढायची ताकद शिल्लक असेपर्यंतच खरं. 48 वर इंजिन आपल्या ताकदीच्या आकड्यापर्यंत पोचतच नव्हतं.

खरा फरक चढाईत आहे. ताशी 75 मैलांवर पूर्ण थ्रॉटलला 48 पिच 2780 आरपीएम देत होता, 46 देतो 2910. टॉर्क (पिळण्याचा जोर) जवळपास तेवढाच धरला तर सुमारे तीन अश्वशक्ती जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चढाई होते ती सपाट उड्डाणाला लागणाऱ्या ताकदीच्या वर जे उरतं त्यावर, आणि 80 अश्वशक्तीच्या विमानात ते उरतं थोडंच. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन मिनिटाला 80 ते 100 फूट जास्त चढाई मिळते.

ही वाढीव चढाई आम्ही उंचीसाठी वापरत नाही, थंडाव्यासाठी वापरतो, आणि फोक्सवॅगनवाल्यांनी इथे जरा थांबावं. फक्त पिच कमी केल्याने सिलिंडर हेड थंड होत नाहीत. जास्त आरपीएम म्हणजे जास्त उष्णताच. पण आता पहिल्या हजार फुटांनंतर नाक खाली करून 75 ऐवजी 90 ने चढता येतं, तरीही चढाईचा दर पूर्वीइतका राहतो. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, शिरणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 75 वरून 90 म्हणजे 44 टक्के जास्त. भर उन्हात हेडचं तापमान पूर्वी चढता चढता मर्यादेकडे सरकत राहायचं, आता ते एका जागी येऊन टिकतं. याच एका कारणासाठी 46 विमानावर राहिला.

तोटेही मोजून घ्या. प्रवासात 3000 आरपीएमला 48 पिच सैद्धांतिक 136 मैल देतो आणि 46 देतो 131. तेवढाच वेग राखायचा तर सुमारे 130 आरपीएम जास्त लागतात. आवाज वाढतो, पेट्रोलही थोडं जास्त जातं. उतरताना थ्रॉटल तसाच ठेवून नाक खाली केलं तर काटा 3400 ओलांडतो, त्यामुळे हात थ्रॉटलवर हवा. उतरणीच्या शेवटी मात्र हा पिच आवडू लागतो: थ्रॉटल बंद केल्यावर पाती जास्त अडवतात, विमान धावपट्टीवर तरंगत राहत नाही. इंजिन बंद पडलं तर घसरत जाण्याचं अंतरही थोडं कमी होणार, ते नव्याने पाठ करा.

पिच ठरवण्याआधी टॅकोमीटर तपासा. काटा 100 आरपीएम खोटा असेल तर वरचे सगळे हिशेब फुकट. ऑप्टिकल टॅकोमीटर दोन पात्यांवर लावा आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे धरा: अमेरिकेत 3600 दिसले पाहिजेत, भारतात 3000. मग त्याच्याशी पॅनेलवरचा आकडा जुळवा. स्टॅटिक चाचणी, म्हणजे विमान जागेवर ठेवून पूर्ण थ्रॉटलला मिळणारे आरपीएम पाहणं, वारा नसताना, तेल गरम झाल्यावर, शेपूट बांधून, खडी नसलेल्या फरशीवर आणि काही सेकंदच. आमच्याकडे 46 वर 2850 च्या आसपास येतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण तो हवामानाने फारसा हलत नाही. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, तसा पात्यांचा भारही घटतो. 800 फुटांवरचं मैदान 35 अंशांत 3400 फुटांसारखं वागतं, चढाई उघड मंदावते, तरी स्टॅटिक जवळपास तेवढाच राहतो. म्हणून स्टॅटिक 100 ने खाली आला तर उन्हाला दोष देऊ नका. व्हॉल्व्ह, इग्निशन, थ्रॉटलची केबल या क्रमाने पाहा.

लाकडाची निगा हा वेगळाच विषय आहे. प्रोपेलर बोल्टच्या दांड्यांवर फिरत नाही, हबचा चेहरा आणि लाकूड यांच्यातल्या घर्षणावर फिरतो. ते घर्षण बोल्टच्या दाबातून येतं. हिवाळ्यात तापवलेल्या हँगरमध्ये लाकूड सुकून आकसतं आणि दाब निघून जातो. मग हब लाकडावर सूक्ष्म घासतो, लाकूड करपतं, पुढे बोल्ट तुटतात. प्रोपेलर उतरवल्यावर मागच्या तोंडावर तपकिरी-काळे डाग दिसले तर तो प्रोपेलर परत चढवायचा नाही. दमट उन्हाळ्यात उलट: लाकूड फुगतं, आणि आधीच जास्त आवळलेले बोल्ट तंतू चिरडतात. सेन्सेनिचचा नियम पहिल्या उड्डाणानंतर, मग 25 तासांनी आणि पुढे दर 50 तासांनी टॉर्क पाहण्याचा. त्यात ऋतू बदलला की आणखी एकदा, हे आमचं.

काम असं: दोन्ही इग्निशन बंद, स्पार्क प्लग काढलेले, चाकांना ठोकळे. सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून ओवलेली तार) कापा. टॉर्क रेंचने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा, एकदम पूर्ण आकड्यावर जाऊ नका. आकडा प्रोपेलरच्या कागदावरचा घ्या, त्या मापाच्या बोल्टचा नेहमीचा नको. तो धातूसाठी असतो. बोल्टचा दाब पसरवणारी पुढची प्रेशर प्लेट हवीच, नुसत्या वॉशरवर लाकूड दबतं. बोल्ट हबच्या आट्यांत तळाला तर टेकत नाही ना, हे पाहायला विसरू नका. तसं झालं तर रेंच ‘टक’ करतो आणि लाकूड सैलच राहतं. शेवटी दोन्ही पाती एकाच रेषेत फिरतात का ते पाहा: एका टोकापाशी जड स्टूल ठेवा, त्यावर खूण करा, दुसरं पातं फिरवून आणा. दोन टोकांतला फरक 1/8 इंचाच्या आत हवा. मग नवी वायर, जोडी-जोडीने.

विमान उभं करताना पाती आडवी ठेवा. उभी राहिली तर ओलावा खालच्या पात्यात उतरतो आणि तोल बिघडतो. पावसात सापडलात तर आरपीएम कमी करा, थेंब पुढच्या कडेचं वार्निश खरवडतात. उघडं लाकूड दिसलं की ते सुकवून त्याच आठवड्यात वार्निश लावा.

उंचावर लांबचे प्रवास, लांब धावपट्टी आणि बहुतेक वेळा एकटा माणूस, असा वापर असेल तर 48 योग्य. गवताची छोटी पट्टी, उन्हाळा आणि दोन माणसं असतील तर 46. पिच बदलण्याआधी आपल्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (उडवण्याच्या लेखी अटी) वाचा. प्रोपेलर बदलल्यावर पुन्हा काही तास चाचणी-उड्डाणाचे करावे लागू शकतात. दुसऱ्या बनावटीचा प्रोपेलर घेत असाल तर तिथला 46 हा इथला 46 समजू नका; पात्याचा आकार आणि पिच मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. कारखान्याला नुसता पिच कळवू नका. स्टॅटिक आरपीएम, चढाईतला आरपीएम आणि वेग, पूर्ण थ्रॉटलचा सपाट उड्डाणातला आरपीएम, उंची आणि तापमानासकट कळवा, आणि सोबत हबच्या बोल्ट वर्तुळाचं माप द्या.