एहाइम क्लासिक 600: चार फुटी टाकीला पुरतो का?

चार बाय दोन बाय दोन फुटांची माशांची टाकी म्हणजे काठोकाठ 453 लिटर. वाळू, दगड आणि वरचे दोन-तीन इंच सोडले तर प्रत्यक्षात 380-390 लिटर पाणी राहते. एवढ्या टाकीला दुकानदार हमखास ताशी 2000 लिटरचा, 55 वॅटचा चिनी कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) सुचवतो. शेजारच्या एहाइम क्लासिक 600 या कॅनिस्टरवर (जुने लोक त्याला 2217 म्हणतात) 1000 लिटर छापलेले दिसले की गिऱ्हाईक नाक मुरडते. तेवढ्यावरून नाक मुरडायचे कारण नाही. मात्र कोणत्याही माशांसाठी डोळे मिटून घ्यावा, असाही तो नाही.

खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. कॅनिस्टरची आत येणारी नळीही पाण्याने भरलेली असते, त्यामुळे पाणी वर चढवायचा भार जवळपास फिटतो. प्रवाह अडवतात तो मीडिया (डब्यात भरलेले रिंगा-स्पंजासारखे गाळण-साहित्य) आणि नळीच्या आत धरलेला बुळबुळीत थर. खरा प्रवाह मोजणे सोपे आहे. बाहेरच्या नळीचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरून दोन लिटरचा जग भरायचा. 12 सेकंद लागले तर ताशी 600 लिटर, 18 लागले तर 400. जग खाली धरला तर सायफनमुळे आकडा फुगतो.

माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू मीडियाच्या पृष्ठभागावर राहतात. त्यांना हवा असतो ऑक्सिजन आणि सगळ्या मीडियातून सारखे फिरणारे पाणी. इथे क्लासिकची जुनाट रचना कामी येते. आत खण नाहीत, 6 लिटरचा एक डबाच. पाणी तळातून शिरून वर येते, त्यामुळे खणांच्या कडेने निसटायला त्याला वाट नसते. तळाशी पोकळ सिरॅमिक रिंगा, त्यावर जाड निळा स्पंज, मग सच्छिद्र बायो मीडिया आणि सर्वांत वर पातळ पांढरी चकती, हा क्रम बदलू नये. चकती तळाला गेली तर आठवड्यातच चोंदते.

वीज 20 वॅट, म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदा युनिट. 55 वॅटच्या यंत्राला 40 च्या आसपास लागतात. इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर हा फरक जास्तच जाणवतो.

आता गैरसोयी. पाणी ओढून घ्यायला पंप-बटण नाही. डबा टाकीखालच्या कपाटात ठेवून, दोन्ही तोट्या उघडून, बाहेरच्या नळीला तोंड लावून सायफन सुरू करावा लागतो. डबा पूर्ण भरून बुडबुडे थांबल्याशिवाय प्लग लावायचा नाही, नाहीतर हवा अडकून पंप गुरगुरत राहतो. खण नसल्याने साफ करताना सगळा मीडिया हाताने उपसावा लागतो. जाळीच्या पिशव्यांत भरला तर हा त्रास निम्मा होतो. धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते आणि दोन दिवसांनी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे लाईट जाणे. बंद डब्यातला ऑक्सिजन जिवाणू स्वतःच संपवतात आणि मग मरू लागतात. दोन-तीन तासांहून जास्त वेळ गेला असेल तर तोट्या बंद करून डब्यातले शिळे पाणी फेकायचे, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळायचा आणि मगच सुरू करायचे. घरी कोणी नसताना वीज आली तर तीच घाण थेट टाकीत पडते. हे कुठल्याही कॅनिस्टरला लागू आहे. म्हणून सोबत बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक मोठा स्पंज फिल्टर हवाच. उन्हाळ्यात तर दुहेरी गरज: 20 अंशांना पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. स्प्रे बारही (पाणी टाकीत परत सोडणारी भोकांची नळी) पाण्याच्या किंचित वर ठेवून खळखळ होऊ द्यावी.

झाडांची टाकी, एंजल, टेट्रा, मोजके डिस्कस यांना हा फिल्टर उत्तम. ऑस्करची जोडी किंवा डझनभर गोल्डफिश असतील तर एकटा पुरणार नाही. तिथे दुसरा कॅनिस्टर जोडण्यापेक्षा सम्प (टाकीखाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी) बरा: तो उघडा असल्याने हवा मिळते आणि मीडिया हवा तेवढा भरता येतो. मात्र त्यात रिकामी जागा राखायची. या टाकीतले एक इंच पाणी म्हणजे 19 लिटर. सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाइपचे तोंड दोन इंच बुडलेले असेल, तर पंप थांबताच 38 लिटर मागे वाहून येते आणि सम्प ओसंडून दिवाणखान्यात तळे साचते. पाइपला पातळीच्या जरा खाली छोटे भोक पाडले की हवा शिरून सायफन तुटतो; ते भोक शेवाळाने बुजत नाही ना, हे महिन्यातून एकदा बघायचे.

क्लासिक घेताना इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पात्याचा) सिरॅमिक दांडा आणि झाकणाची रिंग जादा घ्यावी. दांडा साफ करताना चटकन मोडतो. रिंगखाली वाळूचा एक कण राहिला तरी डबा थेंब-थेंब गळतो, म्हणून बंद करण्याआधी खाचेतून बोट फिरवून बघायचे आणि रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचे.