टायटलचं काम की बिल्डरकडची नोकरी?

वकिलीची सनद हातात आली आणि जमीन-मालमत्तेच्या कायद्यातच राहायचं ठरलं, की पुण्या-मुंबईकडच्या नव्या वकिलापुढे बहुतेक वेळा दोन वाटा असतात. सिनियरकडे बसून टायटलचं, म्हणजे जमिनीची मालकी कागदोपत्री तपासण्याचं काम शिकायचं, नाहीतर बिल्डरच्या लीगल विभागात रुजू व्हायचं.

नोकरीत पगार पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. घरचा आधार नसेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. फ्लॅटच्या करारांचे मसुदे, महारेराची (रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी, सोसायट्यांशी पुनर्विकासाचे करार असं काम असतं. पण पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते. मग कोर्टात उभं राहणं बंद, आणि वकील म्हणून टायटल रिपोर्टवर सहीही नाही. बाजार मंदावून नवे प्रकल्प अडले, तर त्याची झळ लीगल विभागालाही लागते.

टायटलच्या कामात सुरुवातीची मिळकत तुटपुंजी असते आणि बँकांच्या पॅनेलवर दर सर्चमागे (जुन्या नोंदींच्या तपासणीमागे) मिळणारी फीही फारशी नसते. शिक्षण मात्र इथेच होतं. साधारण ३० वर्षांचा सर्च घ्यायचा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचे गोषवारे) पाहायचे, सातबाऱ्यावरून मागे फेरफारांत, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत शिरायचं. आजचा सातबारा कोरा दिसतो, पण जुन्या फेरफारात कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, निघतं. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्याने त्याला जमिनीचा खरेदीदार मानलेलं असतं, आणि मग अशी जमीन विकण्यावरची त्याच कायद्याच्या कलम ४३ची अट पाळली गेली का, हे शोधावं लागतं. वारसनोंदीत बहिणींची नावं गाळलेली असतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिल्यावर अशी गाळलेली नावं अख्खा व्यवहार अडवू शकतात. सातबारा मोबाइलवर कोणीही काढतो. तो वाचता येणारे थोडे. म्हणून या कामाला गिऱ्हाईक अनेक बाजूंनी येतं: कर्ज देणाऱ्या बँका, प्लॉट घेणारी कुटुंबं, डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर सरकारी आदेशाने ती मिळवण्यासाठी) धडपडणाऱ्या सोसायट्या, आणि महारेरा नोंदणीसाठी वकिलाचा टायटल रिपोर्ट लागतो म्हणून खुद्द बिल्डरही.

फक्त रेराच्या तक्रारी चालवायचा बेत असेल, तर त्या कायद्याचं कलम ५६ आधी वाचा. तिथे सीए आणि कंपनी सेक्रेटरीही पक्षकाराची बाजू मांडू शकतात. जोडकाम म्हणून हे उत्तम, पण एकट्या त्याच्यावर प्रॅक्टिस उभी करू नये.

माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन वर्षं ओढाताण सोसता येणार असेल, तर आधी टायटल शिका. ते येणाऱ्याला पुढे नोकरीतही जमीन खरेदीचं काम मिळतं. उलटा प्रवास जड जातो. पगाराशिवाय भागणारच नसेल, तर नोकरी जरूर घ्या. फक्त मुलाखतीत विचारा, की जमिनीची कागदपत्रं कंपनीतले वकील तपासतात, की सगळे रिपोर्ट बाहेरून येतात. बाहेरून येत असतील, तर ते वाचून त्यावर प्रश्न काढायचं काम आपल्याकडे द्या, असं तिथेच सांगा.