जुन्या सोलापुरी चादरीचे जॅकेट: एका शिवणसेवेचा अनुभव

भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर जाड सुती विणीची असते, आणि जॅकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी घालणाऱ्या मागावर, ती अशा रीतीने विणतात की तिची नक्षी दोन्ही बाजूंना उलट रंगांत उमटते. पुण्यातील एका लहान शिवणकेंद्राने घरातील अशाच जुन्या चादरीचे जॅकेट शिवून देताना या गुणाचा नेमका उपयोग केला: अंगाला मुख्य बाजू आणि कॉलर व बाह्यांच्या दुमडीला उलटी बाजू घेतल्याने वेगळे कापड जोडावे लागले नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने चादर मध्यभागी विरते, म्हणून पाठ आणि पुढचे भाग कडेच्या मजबूत पट्ट्यांतून बेतले होते आणि मूळ काठ खालच्या घेरावर आल्याने तिथे दुमडीचा जाडपणा टळला. ही बेतणी खरोखर वाखाणण्याजोगी आहे. कापलेल्या कडांचे धागे लगेच सुटतात, त्यामुळे आतून सर्वत्र ओव्हरलॉक, म्हणजे कडेला दोऱ्याने वेढणारी शिवण, केलेले होते. खांद्याची शिवण मात्र, चार पदर एकत्र आल्याने, टोचते. तिथे सुती पट्टी लावायला हवी होती. शिलाई तयार जॅकेटच्या किमतीइतकी पडते, आणि खिसे अगदीच उथळ आहेत.